खदानीच्या कड्यावर सत्यभामाबाई

मोहिनी पुण्याकडच्या विद्यापीठात नेमकं काय शिकते, हे खैरवाडीत कुणालाच नीट सांगता यायचं नाही. कोर्सचं नाव होतं आउटडोअर लीडरशिप. तिचे वडील ज्ञानबा मेंढरं राखायचे. त्यांनी त्या नावातला 'लीडर' तेवढा उचलला आणि सेनगावच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले, "आमची पोरगी पुढारी व्हायचं शिकून राहिली." लोक हसायचे, ज्ञानबाही हसायचे. मग दिवाळीच्या सुट्टीत पोरीने खरं काय ते समजावून सांगितलं, तेव्हा त्यांना आणखीच नवल वाटलं.

"म्हंजे लोकायला रानात, डोंगरात न्यायचं, आन् नीट परत आणायचं?"

"व्हय, दादा."

"त्याची बी डिग्री असती?"

"असती की."

ज्ञानबांनी थोडा वेळ विचार केला. "मेंढरं नेणं सोपं हाय. एक गेलं की समदी जात्यात. माणूस रुसतं, भितं, मधीच म्हणतं मला घरी जायचंय. शिकायलाच लागत असंल."

मोहिनीच्या आईला, सत्यभामाबाईंना, मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. मोहिनी हिंगोलीला कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिराला गेली, तिथल्या एका अधिकाऱ्याने तिला या कोर्सची माहिती दिली, आणि पोरगी शिष्यवृत्ती मिळवून निघून गेली, हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत पण त्यांच्या मनाविरुद्ध झालं होतं. त्यांच्या मनात पोरीने शाळेत बाई व्हावं, नाहीतर पोलीस भरतीला बसावं असं होतं. डोक्यावर पंखा असलेली खोली, बसायला खुर्ची. "रानातून बाहेर पडावं म्हणून शिकिवलं," त्या फोनवर म्हणायच्या, "आन् तू रानाचंच शिकून राहिली. काहून?" मोहिनीने कितीही सांगितलं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. शेवटी दोघी मेंढरांच्या तब्येतीवर बोलायच्या आणि फोन ठेवायच्या.

तिकडे मोहिनी खूश होती. नकाशा वाचायला, हाड मोडलेल्या माणसाला डॉक्टरपर्यंत कसं न्यायचं ते, दोराच्या गाठी, ढगांचा अंदाज हे सगळं ती शिकली. पण तिला सगळ्यात आवडायचा तो माणसांचा अभ्यास. दमलेला गट कसा वागतो, भांडण कुठे सुरू होतं, घाबरलेल्या माणसाशी काय बोलावं आणि काय बोलू नये. अनुश्री मॅडम हा विषय शिकवायच्या. त्यांचं पहिलं सूत्र असं होतं की कड्यावर उभं राहून कुणी 'नाही' म्हणालं, तर ते पूर्ण उत्तर समजायचं. समजावायचं नाही, चिडवायचं नाही, ढकलायचं तर नाहीच.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने स्वतःचा एक उपक्रम करायचा होता. जागा आपण शोधायची, माणसं आपण गोळा करायची, धोके आपण तपासायचे. मॅडम फक्त बघायला येणार. कुणी हिमाचलात कॉलेजच्या मुलांना नेणार होतं, कुणी सह्याद्रीतल्या किल्ल्यावर बँकेच्या कर्मचाऱ्यांना. मोहिनी म्हणाली, "माझ्या गावातल्या बायका."

मॅडमनी विचारलं, "त्या तर रोजच उन्हातान्हात बाहेर असतात. तू त्यांना काय वेगळं देणार?"

"काम नसलेलं बाहेर," मोहिनी म्हणाली. "खुरपं नाही, भारा नाही, मेंढरं नाहीत. एक दिवस."

मॅडमनी यादीत तिच्या नावापुढे 'खैरवाडी' लिहिलं. मग म्हणाल्या, "कर."

संक्रांतीला मोहिनी घरी आली. सोबत नेमसिंग होता, तिच्याच वर्गातला, औंढ्याकडच्या एका तांड्यावरचा. त्याने दोर आणि बाकीचं सामान विद्यापीठातून एसटीने आणलं होतं. खैरवाडीच्या माळाला एक जुनी खदान आहे. रस्त्यासाठी तिथला दगड काढला होता, आता काम बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिचा एक कडा चांगला उभा आणि सलग होता. ग्रामपंचायतीची परवानगी काढून दोघांनी तो वरून खालपर्यंत तपासला, सैल दगड पाडले, वरच्या पक्क्या खडकात दोर अडकवायच्या जागा केल्या आणि स्वतः पुन्हा पुन्हा उतरून बघितलं.

सत्यभामाबाईंच्या घरी हळदीकुंकू होतं. वाण लुटून झालं, तिळगूळ वाटून झाला, तशी मोहिनी उभी राहिली आणि तिने बायकांना आमंत्रण दिलं. सकाळी निघायचं, माळावर फिरायचं, खदानीवर दोराने उतरायचं, तिथेच जेवायचं, दिवस मावळायच्या आत घरी.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"आन् काम कोन्तं?" एकीने विचारलं.

"काम काहीच न्हाई."

"मंग जायचं काहून?"

हसण्याचा लोट उठला. त्यातून रुख्मिणीबाईंचा आवाज आला. या उकंडराव पाटलांच्या घरच्या, वयाने साठीला टेकलेल्या, माहेर आखाडा बाळापूरचं. त्यांचा शब्द गावात कुणी मोडत नसे. त्या म्हणाल्या, "मी येते. लहानपणी मी चिंचेवर चढत व्हते. लग्न झालं आन् उतरले, ते उतरलेच."

रुख्मिणीबाई येणार म्हटल्यावर बाकीच्याही तयार झाल्या. उकंडराव दुसऱ्या दिवशी ज्ञानबांच्या दारात आले. "बायायनी दोरीला लटकायचं? हे काय खेळ लावले पोरीनं?" त्यांनी विचारलं. ज्ञानबांनी त्यांना बसायला घोंगडी टाकली, चहा दिला आणि मोहिनीला बोलावलं. मोहिनीने दोर, कड्या, हेल्मेट सगळं आणून त्यांच्यासमोर मांडलं. कुठल्या दोराला किती वजन झेपतं, एक सुटला तर दुसरा कसा धरतो, हे तिने न चिडता दाखवलं. उकंडरावांनी दोर ओढून पाहिला, हेल्मेट बोटाने वाजवून पाहिलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "बराबर हाय. पण तिचा गुडघा दुखतो, तेवढं पाह्यजो."

नकार आला तो घरातूनच. सत्यभामाबाई म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं. मेंढरं कोण पाहील?"

"मी पाहतो," ज्ञानबा म्हणाले.

"सैपाक?"

"तिथंच जेवायचंय, माय," मोहिनी म्हणाली.

"लोकं काय म्हणतील, लेकीनं मायला दोरीला बांधली." त्या चुलीकडे वळल्या. "न्हाई म्हणले ना."

मोहिनीला वाईट वाटलं. परक्या बायका येणार आणि आई नाही. तिच्या जिभेवर दहा वाक्यं आली, आणि सगळी आईला बरोब्बर लागली असती. पण 'नाही' हे पूर्ण उत्तर होतं. तिने एकही वाक्य उच्चारलं नाही. नेमसिंगला म्हणाली, "एक माणूस कमी."

ठरलेल्या सकाळी बायका देवळासमोर जमल्या, तर सत्यभामाबाई डोक्यावर भाकरीची दुरडी घेऊन उभ्या. "मी नुसती शिदोरी घेऊन येऊन राहिले," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "उतरायचं बोलू नका मला."

"न्हाई बोलत," मोहिनी म्हणाली आणि दुरडी नेमसिंगच्या हाती दिली.

अनुश्री मॅडम आदल्या दिवशी हिंगोलीला मुक्कामी आल्या होत्या. त्या सकाळच्या जीपने पोचल्या आणि मागे मागे चालत राहिल्या. तुरी निघून गेल्या होत्या, हरभरा घाट्यांवर आला होता. पहिला अर्धा तास बायकांना नुसतं चालणं जमेना. कुणी वाटेतल्या काटक्या उचलायला लागली, कुणी बांधावरची भाजी खुडायला. मोहिनीने हटकलं नाही. ती मधूनमधून थांबायची, एखादी जागा दाखवायची, विचारायची, इथून गाव कोणत्या अंगाला असेल? बायका भांडून भांडून उत्तर द्यायच्या. चढ लागला तेव्हा तिने पुढे चालायला रुख्मिणीबाईंनाच दिलं, म्हणजे गुडघा दुखणाऱ्या माणसाच्या चालीने सगळा गट चालेल आणि त्यांना मागे पडल्यासारखंही वाटणार नाही. हे रुख्मिणीबाईंच्या लक्षात आलं नाही. त्या रुबाबात पुढे चालत होत्या.

खदानीवर पोचल्यावर मात्र सगळ्या कडेपासून दोन पावलं मागे सरकल्या. वरून कडा फार खोल दिसत होता. मोहिनीने आधी स्वतः उतरून दाखवलं. मग वर येऊन सांगितलं, "वरचा दुसरा दोर नेमसिंगच्या हातात राहील. तुमचा हात सुटला तरी तुमी पडणार न्हाई. खालच्या हातानं दोर आवळला की जिथल्या तिथं थांबाल, ढिला केला की उतराल. आन् ज्यांना न्हाई उतरायचं, त्यांनी न्हाई म्हणायचं. काहूनही सांगायची गरज न्हाई."

बायकांनी काष्टे मारले. रुख्मिणीबाई पहिल्या. कडेवर पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, डोळे मिटून त्यांनी कुलदैवताचं नाव घेतलं आणि मागे झुकल्या. निम्म्यात पोचल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि तिथून जे हसू फुटलं ते खाली पोचेपर्यंत थांबलं नाही. मग एकीमागून एक. एक जण कडेपर्यंत येऊन परत फिरली. मोहिनीने "बरं" म्हणून तिचा पट्टा सोडला आणि तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिला लाज वाटायला जागाच राहिली नाही. ती खाली जाणाऱ्या वाटेने उतरली आणि बाकीच्यांचे व्हिडिओ काढू लागली.

सत्यभामाबाई एका दगडावर बसून हे सगळं पाहत होत्या. खरं तर त्या दोराकडे फार कमी आणि लेकीकडे जास्त पाहत होत्या. पोरगी प्रत्येक बाईचा पट्टा स्वतः तपासत होती, पुन्हा तपासत होती, तिच्या डोळ्यांत बघून बोलत होती. घरात भांडी आपटणारी, फोनवर भरभर बोलणारी पोरगी ही नव्हतीच. मोठ्या बायका तिचं ऐकत होत्या आणि ती कुणावरही ओरडत नव्हती.

शेवटची बाई उतरली, तशा सत्यभामाबाई उठल्या. पदर कमरेला खोचला.

"मला बी बांध," त्या म्हणाल्या.

मोहिनी पट्टा घेऊन आली. तिने आईचा काष्टा नीट बसवला, पट्टे आवळले, हेल्मेटचा बंद लावला. नेमसिंगने वरचा दोर धरला. सत्यभामाबाई मागे झुकल्या आणि हळूहळू उतरायला लागल्या. पाच-सहा पावलं बरी गेली. मग त्या थांबल्या.

"माय, हात ढिला कर," मोहिनी कडेवरून म्हणाली.

सत्यभामाबाईंनी दोर आणखी आवळला.

"माय, माझ्याकडं पाह्य. श्वास घे."

सत्यभामाबाईंनी वर पाहिलंही नाही. दोर मुठीत घट्ट आवळून, पाय खडकाला लावून त्या तशाच राहिल्या. खालच्या बायका माना वर करून बघू लागल्या. भीतीने जागीच गोठलेली माणसं मोहिनीने पाहिली होती, एकाला तर तिनेच सह्याद्रीत उतरवलं होतं, पण त्यातलं कुणी तिची आई नव्हतं. बाजूला शिक्षकासाठी वेगळा दोर तयार होता. तिने स्वतःला त्यात अडकवलं, नेमसिंगला खूण केली आणि झपाट्याने आईच्या शेजारी जाऊन पोचली.

"माय, भेव नको. मी आले. आता मी सांगते तसं—"

"मला भेव न्हाई वाटून राहिलं," सत्यभामाबाई म्हणाल्या.

मोहिनीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो शांत होता. घाम नव्हता, ओठ कोरडे नव्हते.

"मंग थांबली काहून?"

"इथं कोणी हाक मारून न्हाई राहिलं." सत्यभामाबाई समोर बघत होत्या. "उठल्यापासून झोपेस्तोवर कोणी ना कोणी हाक मारतं मला. तुझा बाप मारतो, मेंढरं मारत्यात, कुकर मारतो. इथं कोणी येऊच शकत न्हाई. म्हणलं जराशीक बसावं." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "तर तू आली."

मोहिनीला एकदम हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकाच वेळी. वरून नेमसिंगने विचारलं, "सब बराबर?" तिने अंगठा दाखवला.

दोघी शेजारीशेजारी लटकून राहिल्या. समोर हरभऱ्याचे पट्टे होते. त्यापलीकडे कनेरगाव नाक्याच्या बाजूला धुरकट आभाळ होतं. माळाच्या उतारावर मेंढरं पसरली होती, आणि त्यांच्या मागे घोंगडी खांद्यावर टाकलेला एक माणूस उभा होता.

"तुझा बाप केवढासा दिसून राहिला," सत्यभामाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला वाटायचं, तुला आमची लाज वाटती म्हणून तू लांब गेली."

"लाज वाटली असती तर रानाचं शिक्षण कशाला घेतलं असतं, माय? कम्प्युटरचं घेतलं असतं."

सत्यभामाबाईंनी ते मनात घोळवलं. "आन् हे काम भेटतं का? रोज?"

"भेटतं. हिमालयात शिबिरं चालत्यात, तिथं शिकवायला माणसं लागत्यात. मोठ्या शाळा नोकरीवर ठेवत्यात. नेमसिंग ऋषिकेशला नदीत बोटी चालवायला जाणार हाय. आमच्या आधी शिकून गेलेली एक पोरगी पुराच्या वेळी लोकांना काढणाऱ्या पथकाला शिकवती. एक कंपन्यांच्या सायबायला डोंगरावर नेती."

"सायबायला काहून?"

"ते ऑफिसात भांडत्यात म्हणून."

सत्यभामाबाई खळखळून हसल्या. त्यांच्या हसण्याने दोर हलला. खाली बायकांच्या जिवात जीव आला आणि त्याही ओरडायला लागल्या. "चल," सत्यभामाबाई म्हणाल्या, "त्या भुकेल्या असत्याल." त्यांनी मूठ सैल केली आणि कुणाच्याही मदतीशिवाय खाली उतरल्या.

खदानीच्या सावलीत भाकरी, ठेचा, झुणका निघाला. नेमसिंगने काट्याकुट्यांवर हुरडा भाजला. रुख्मिणीबाईंनी मॅडमना आग्रह करकरून वाढलं, आणि दुपारभर कुणी उठायचं नाव काढलं नाही. एकीने माहेरची गाणी म्हटली, दोघी तिथेच पदर तोंडावर घेऊन झोपल्या. ऊन कलल्यावर सगळ्या उठल्या आणि गप्पा मारत गावाकडे निघाल्या.

परतीच्या वाटेवर मॅडम मोहिनीबरोबर मागे राहिल्या. गटाची चाल, जागेची तयारी, ती मागे फिरलेली बाई, हे सगळं चांगलं झालं असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "एक चुकलं. आई थांबल्या, तेव्हा तू त्यांना सूचना दिल्यास. उतरण्याआधी विचारलंस का, काय होतंय म्हणून?"

मोहिनीने आठवून पाहिलं. "नाही विचारलं."

"थांबलेला प्रत्येक माणूस अडकलेलाच असतो असं नाही. आधी विचारायचं, मग उतरायचं. परक्या बाईच्या वेळी तू विचारलं असतंस."

"हो, मॅडम."

"पास आहेस," मॅडम म्हणाल्या. "आणि तो झुणका कुणी केला होता, तेवढं सांग."

त्या दिवसाचे व्हिडिओ गावातून बाहेर पडले. रुख्मिणीबाईंनी हसत हसत उतरतानाचा आपला व्हिडिओ माहेरी पाठवला आणि आठवडाभरात आखाडा बाळापूरच्या बायकांचा फोन आला, आमच्याकडं कधी येता? त्याच गडबडीत हिंगोलीतल्या मुलींच्या एका निवासी शाळेच्या मुख्याध्यापिकांनी मोहिनीला भेटायला बोलावलं. त्यांच्या मुली अभ्यासात बऱ्या होत्या, पण कुठे एकटं जायचं म्हटलं की रडकुंडीला यायच्या. त्यांना शिकवायला असं कुणी हवं होतं.

मोहिनीपुढे तोवर उत्तराखंडातल्या एका शिबिराची नोकरीही आली होती. तिला दोन्ही हवं होतं. तिने दोन्हीकडे तसं सरळ सांगून टाकलं. या कामाचे हंगाम असतात, जसे पिकांचे असतात. उन्हाळ्यात हिमालयात शिबिरं भरतात, तेव्हा हिंगोलीच्या शाळांना सुट्टी असते. दोघांनाही ते पटलं. परीक्षा आटोपून एप्रिलमध्ये ती उत्तराखंडला गेली. सत्यभामाबाईंनी तिला सेनगावच्या स्टँडवर बसवून देताना लोकरीची घोंगडी दिली. आपल्याच मेंढरांची लोकर होती. तिथल्या थंडीत मोहिनीच्या तंबूतल्या मुली त्या घोंगडीसाठी भांडायच्या.

पावसात रानातलं काम होत नाही, म्हणून पावसाळा सरल्यावर ती हिंगोलीच्या शाळेत रुजू झाली. पहिल्या उपक्रमासाठी तिने आठवीच्या मुलींना कयाधू नदीच्या काठाने नेलं. प्रत्येक गटाला एक नकाशा आणि एक होकायंत्र दिलं आणि सांगितलं, नकाशावर खूण केलेल्या वडापाशी दुपारच्या आत पोचायचं. ती स्वतः थोडं अंतर ठेवून मागे चालली. एक गट फाट्यावर चुकला. मुली बराच वेळ नकाशा उलटा-सुलटा करत राहिल्या, दोघी चिडल्या, एक रडायच्या बेताला आली. मोहिनी जवळ गेली आणि तिने विचारलं, "मदत पाहिजे का?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. रडायच्या बेतात असलेलीनेच मान हलवली. "नको, मॅडम. थोडा वेळ द्या."

मोहिनी बांधावर बसली. तिने पिशवीतून शेंगा काढल्या आणि सोलून खायला लागली. मुली पुन्हा नकाशावर वाकल्या. शेवटी त्या निघाल्या, आणि वडाऐवजी भलत्याच वस्तीत जाऊन पोचल्या; मोहिनी अंतर ठेवून मागे होतीच. तिथल्या एका आजीने त्यांना पाणी पाजलं, गुळाचा खडा दिला आणि वडाची वाट दाखवली. बाकीचे गट कधीच पोचून डबे संपवून बसले होते. या पोरी उन्हाने लाल होऊन आल्या आणि आपण कुठे चुकलो, कशा चुकलो, ती आजी काय म्हणाली, हे सगळं बाकीच्यांना एकाच वेळी सांगायला लागल्या.